ऊतिसंवर्धन कक्षातील प्रकाशव्यवस्था : फ्ल्युरोसंट नळ्यांकडून एलईडी दिव्यांकडे

सारांश :
बंदिस्त कक्षात वनस्पती वाढविताना सूर्यप्रकाशाची जागा कृत्रिम दिव्यांना घ्यावी लागते. महाविद्यालयीन प्रयोगशाळांतील ऊतिसंवर्धन कक्षांत हे काम अनेक दशके फ्ल्युरोसंट नळ्यांनी केले. एलईडी दिव्यांमुळे विजेची मोठी बचत शक्य झाली आहे. तथापि 'जुनी नळी काढली, नवी बसविली' इतक्यावर हा बदल यशस्वी होत नाही. प्रकाशाचे मोजमाप, वर्णपट आणि कक्षातील उष्णता या तिन्हींचा पुनर्विचार आवश्यक ठरतो. प्रस्तुत लेखात या बदलामागील शास्त्र, विजेचा हिशेब व घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : ऊतिसंवर्धन, एलईडी, फोटॉन, वर्णपट, ऊर्जाबचत.

प्रस्तावना :
तोशियो मुराशिगे व फोल्के स्कूग यांनी १९६२ मध्ये आपल्या पोषकमाध्यमाचे सूत्र प्रसिद्ध केले आणि ऊतिसंवर्धनाला जगभर गती मिळाली. महाराष्ट्राचा या क्षेत्राशी जुना संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी बांबूला काचपात्रात फुलोरा आणल्याचा शोधनिबंध १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे जळगाव परिसरात ग्रँड नैन केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी शेतीचे चित्र बदलले. आज अनेक महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र व जैवतंत्रज्ञान विभागांत लहानमोठे संवर्धन कक्ष आहेत. त्यांत साधारणतः २५ अंश सेल्सिअस तापमान व दिवसाचे १६ तास प्रकाश ठेवला जातो. दिवे उष्णता देतात आणि ती उष्णता वातानुकूलन यंत्राने बाहेर काढावी लागते. म्हणजेच एकाच प्रकाशासाठी विजेचा खर्च दोनदा होतो. त्यामुळे दिव्यांची निवड हा विभागाच्या अंदाजपत्रकाचा व संशोधनाच्या विश्वासार्हतेचाही प्रश्न ठरतो.

वनस्पतीच्या दृष्टीने प्रकाश :
मानवी डोळा हिरवट पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक संवेदनशील असतो. वनस्पतीचे तसे नाही. प्रकाशसंश्लेषणासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी पडतो आणि त्यात ऊर्जेपेक्षा फोटॉनांची संख्या महत्त्वाची असते. म्हणून वनस्पतीला मिळणारा प्रकाश प्रति चौरस मीटर, प्रति सेकंद किती मायक्रोमोल फोटॉन पडतात यावरून मोजतात. दिव्याची कार्यक्षमताही एका ज्यूल विजेतून किती मायक्रोमोल फोटॉन मिळतात यावरून ठरते.

के. जे. मॅक्री यांनी १९७२ मध्ये अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून असे दिसून आले की, तांबडा प्रकाश सर्वाधिक परिणामकारक असला तरी हिरवा प्रकाशही बऱ्याच प्रमाणात वापरला जातो. द्रावणातील हरितद्रव्याचा शोषण आलेख पाहून 'हिरवा प्रकाश निरुपयोगी' असा जो समज रूढ झाला, तो संपूर्ण पानाला लागू पडत नाही.

संवर्धन कक्षातील रोपांची आणखी एक विशेषता ध्यानात घ्यावी लागते. माध्यमातील साखरेवर त्यांचे बहुतांश पोषण होते. त्यामुळे ४० ते ६० मायक्रोमोल इतका मंद प्रकाशही त्यांना पुरतो, तर भर दुपारच्या उन्हात हाच आकडा सुमारे २००० असतो. येथे प्रकाश अन्ननिर्मितीपेक्षा वाढीचा संकेत म्हणून अधिक कार्य करतो. फायटोक्रोम तांबड्या व अतितांबड्या, तर क्रिप्टोक्रोम व फोटोट्रॉपिन निळ्या प्रकाशास प्रतिसाद देतात. म्हणून प्रकाशाची मात्रा तीच ठेवून केवळ वर्णपट बदलला, तरी रोपाची ठेवण बदलू शकते.

पारंपरिक दिवे व त्यांच्या मर्यादा :
थंड देशांतील हरितगृहांत उच्चदाब सोडियम बाष्प दिवे, तर बंदिस्त कक्षांत फ्ल्युरोसंट नळ्या असा दीर्घकाळचा प्रघात होता. फ्ल्युरोसंट नळीची क्षमता प्रति ज्यूल साधारण ०.८ ते १ मायक्रोमोल, तर उत्तम सोडियम दिव्याची सुमारे १.७ मायक्रोमोल असते. ४० वॅटच्या जुन्या नळीबरोबरचा चुंबकीय चोक आणखी सुमारे १० वॅट खर्च करतो. मांडणीच्या फळीखाली चोक बसविलेला असल्यास वरच्या फळीवरील बाटल्या तळातून तापतात आणि झाकणाच्या आतील बाजूस पाण्याचे थेंब साचतात.

फ्ल्युरोसंट नळीत पारा असतो, हा दुसरा दोष होय. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारास भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. या कराराच्या २०२३ मधील पाचव्या परिषदेत सरळ फ्ल्युरोसंट नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबविण्याचा निर्णय झाला. म्हणजेच दिवे बदलावेत की नाही, हा प्रश्न मागे पडला असून ते कसे बदलावेत, हाच विचार आता उरला आहे.

एलईडी दिव्यांचा विकास :
निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. १९९१ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील आर. जे. बुला व सहकाऱ्यांनी तांबडे एलईडी व निळे फ्ल्युरोसंट दिवे यांच्या जोडीवर लेट्यूस वाढविल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी प्रखर निळा एलईडी उपलब्ध नव्हता. तो १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांच्या कार्यामुळे बाजारात आला. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पांढरा एलईडी हा बहुधा निळ्या एलईडीवर फॉस्फरचा थर देऊनच तयार होतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात २०१४ मध्ये बसविलेल्या 'व्हेजी' या उपकरणातील लेट्यूस अंतराळवीरांनी २०१५ मध्ये खाल्ले, तेही एलईडीच्या प्रकाशात वाढलेले होते.

तथापि नवे तंत्र आरंभापासूनच सरस होते असे नाही. यूटा राज्य विद्यापीठातील नेल्सन व बग्बी यांच्या २०१४ मधील अभ्यासात उत्कृष्ट सोडियम दिवा व उत्कृष्ट एलईडी दिवा यांची क्षमता जवळजवळ समान, म्हणजे १.७ मायक्रोमोल प्रति ज्यूल आढळली. त्यानंतर एलईडीची प्रगती वेगाने झाली आणि आज चांगले दिवे ३ मायक्रोमोलच्या पुढे गेले आहेत. ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाची सैद्धांतिक कमाल मर्यादा सुमारे ५.५, तर ४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाची सुमारे ३.८ मायक्रोमोल प्रति ज्यूल आहे. निळ्या फोटॉनात ऊर्जा अधिक असल्याने एका ज्यूलमध्ये त्यांची संख्या कमी भरते.

विजेचा हिशेब :
एका कक्षात १०० नळ्या आहेत असे गृहीत धरू. चोकसह प्रत्येकी ५० वॅट याप्रमाणे भार ५ किलोवॅट आणि १६ तासांत वापर ८० युनिट होतो. ०.८ क्षमतेनुसार प्रत्येक नळी सेकंदाला ४० मायक्रोमोल फोटॉन देते. तेवढेच फोटॉन २ क्षमतेच्या २० वॅट एलईडीतून मिळतात. त्यामुळे एलईडीचा दैनिक वापर ३२ युनिट होईल.

दिव्यांची जवळजवळ सर्व ऊर्जा अखेरीस कक्षात उष्णतारूपाने उरते. ३ युनिट उष्णता बाहेर काढण्यास वातानुकूलन यंत्राला १ युनिट वीज लागते असे मानल्यास पहिल्या व्यवस्थेचा एकूण दैनिक खर्च सुमारे १०६.७ युनिट, तर दुसरीचा सुमारे ४२.७ युनिट होतो. वार्षिक बचत सुमारे २३,३६० युनिट, म्हणजे प्रति युनिट १० रुपये दराने सुमारे २ लाख ३३ हजार रुपये होते. शिवाय दिव्यांचा भार ५ वरून २ किलोवॅटवर आल्याने वीज खंडित झाल्यावर लहान इन्व्हर्टरवरही कक्ष चालू राहू शकतो.

हा हिशेब उष्ण प्रदेशाचा आहे, हे विसरता कामा नये. नेदरलँड्ससारख्या देशातील हरितगृहांत सोडियम दिव्यांची उष्णता पिकास उपयोगी पडत असे. तेथे एलईडी लावल्यावर ती उणीव अन्य मार्गाने भरून काढावी लागते. महाराष्ट्रातील बंदिस्त कक्षात मात्र दिव्यांची उष्णता बहुतांशी ओझेच ठरते.

लक्समापकाने होणारी दिशाभूल :
बहुतेक विभागांत प्रकाश लक्समापकाने मोजला जातो. लक्स हे एकक मानवी डोळ्याच्या संवेदनशीलतेवर आधारलेले आहे. पांढऱ्या फ्ल्युरोसंट नळीचे ४० मायक्रोमोल म्हणजे सुमारे ३००० लक्स. तेच ४० मायक्रोमोल ६६० नॅनोमीटरच्या तांबड्या व ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडीतून मिळाले, तर मापक जेमतेम ३०० लक्स दाखवितो. पूर्वीच्या नोंदवहीतील ३००० लक्सचा आकडा गाठण्यासाठी दिवे वाढविले, तर रोपांवर दहापट प्रकाश पडतो. पाने फिकट पडतात, रोपे खुजी राहतात आणि दोष तंत्राला दिला जातो. याकरिता क्वांटम संवेदक वापरणे इष्ट होय. तो नसल्यास पांढरे एलईडी निवडावेत. त्यांच्या बाबतीत लक्सवरून काढलेला अंदाज बराच जवळचा ठरतो.

रोपांवरील परिणाम व दक्षता :
केवळ तांबड्या प्रकाशात अनेक जातींची रोपे उंच, किरकोळ व लांब पेऱ्यांची होतात. निळ्या प्रकाशाची जोड दिल्यास ती आखूड व भक्कम राहतात. योग्य प्रमाण मात्र जातीनुसार बदलते. जांभळ्या प्रकाशात पानांचा पिवळेपणा व बाटलीतील बुरशीचा आरंभ डोळ्यांना चटकन ओळखता येत नाही, हीदेखील व्यावहारिक अडचण आहे. अध्यापनासाठी व नित्य तपासणीसाठी पांढरा प्रकाश म्हणूनच सोयीचा ठरतो.

दिवे बदलताना पुढील क्रम उपयुक्त ठरेल :
१) जुन्या व्यवस्थेतील प्रत्येक फळीवरील प्रकाश व तापमान यांची नोंद करावी.
२) एकाच मांडणीवर एलईडी बसवून त्याच जातीच्या, त्याच माध्यमावरील रोपांची शेजारच्या जुन्या मांडणीशी तुलना करावी.
३) ही तुलना किमान दोन ते तीन उपसंवर्धनांपर्यंत चालवावी. मूळ फुटणे व हरितगृहात रोपे तगणे यांचीही नोंद घ्यावी.
४) खरेदीच्या मागणीपत्रात वॅटबरोबर फोटॉन क्षमता व वर्णपट यांचाही उल्लेख असावा.
५) जुन्या चोकवर एलईडी नळी चालेल असे गृहीत धरू नये. जोडणी जाणकार वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.
६) काढलेल्या नळ्या न फोडता अधिकृत संकलकाकडे द्याव्यात.
७) चालू संशोधन प्रकल्पाच्या मध्यावर दिवे बदलू नयेत. बदलल्यास प्रबंधात त्याची स्पष्ट नोंद असावी.

निष्कर्ष :
एलईडी दिव्यांमुळे संवर्धन कक्षातील विजेचा व वातानुकूलनाचा खर्च निम्म्याहून कमी होऊ शकतो आणि पाऱ्याचा धोका टळतो. परंतु दिवा हा संवर्धन कक्षात माध्यम व संप्रेरके यांच्याइतकाच प्रयोगाचा घटक आहे. माध्यमातील क्षाराचे प्रमाण बदलल्यास त्याची नोंद होते, त्याचप्रमाणे प्रकाशाच्या बदलाचीही व्हावयास हवी. मोजमाप करून, तुलना करून व टप्प्याटप्प्याने केलेला बदल विभागाचा निधी वाचवितो. न मोजता केलेल्या बदलामुळे मात्र वीजबिल कमी होऊनही अनेक वर्षांच्या निरीक्षणांची परस्परतुलना अशक्य होऊन बसते.