विलायतेंतला बंब रुसला तेव्हां

आपल्याकडे बंब पेटत नसला तर दोषाचीं ठिकाणें दोनतीनच असावयाचीं. गोवऱ्या ओल्या, जाळीखालीं राख दाटलेली, नाहींतर नळकांड्याला काजळी धरलेली. पुण्याच्या वाड्यांत हें निदान शेंबडें पोरही करीत असे. विलायतेंतील बंब म्हणजे भिंतीवर टांगलेली एक पांढरी पेटी होय. ती न्हाणीघराला ऊन पाणी देतेच, शिवाय निराळें पाणी नळांवाटें खोलीखोलींतील रेडिएटरांतून फिरवून सारें घर उबदार ठेविते. ती रुसली कीं घरच गारठतें.

फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस सैबेरियाकडील वाऱ्यांनीं इंग्लंड गोठविलें, त्या आठवड्यांत आम्ही उभयतां लेस्टर येथें चिरंजीवांकडे होतों. सूनबाई बाळंत होऊन तीनच आठवडे झाले होते. पहांटे उठून पाहतों तों भिंती थंडगार, बॉयलरवर तांबडा दिवा आणि आंतून हुक्क्यासारखी गुडगुड.

"अहो, परसांत ती कोळशाची शेगडी आहे ना, ती पेटवून बाळंतिणीच्या खोलींत आणा," सौभाग्यवती म्हणाल्या. कणसें भाजण्यासाठीं घेतलेली ती शेगडी. मी शास्त्राचा पदवीधर खरा, पण आगपेटी शोधावयास उठलों, हें कबूल करणें भाग आहे.

सूनबाईंनीं अडविलें. "आई, शेगडी आंत आणूं नका. या घराला फट म्हणून नाहीं." कौलारू घरांत शेगडीचा वायु कौलांतून निघून जातो; तिकडे खिडक्यांना दुहेरी कांचा आणि दारांना रबराच्या कडा. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाहीं, वास नाहीं. तो रक्तांत प्राणवायूची जागा बळकावतो, आणि झोंपलेला मनुष्य झोंपेंतच जातो. तान्ह्या मुलाची गोष्टच नको. मुलाला रजईंत आईजवळ घेऊन आम्ही विजेच्या लहानशा शेगडीवर भागविलें.

मग चिरंजीवांनीं तपासणी आरंभिली. वीज होती, भिंतीवरील उष्णतानियामकाच्या बॅटऱ्या चालू होत्या, आणि दाबाचा कांटा एक व दीड बार यांच्यामध्यें, म्हणजे थंड असतां जेथें असावा तेथेंच होता. राहिली ती गुडगुड. तिनेंच रोग सांगितला. इंग्लंडांत २००५ पासून बसविलेले बहुतेक गॅस-बॉयलर धुरांतील वाफेचें पाणी करून तिची उष्णताही वांचवितात. हें पाणी एका बारीक प्लॅस्टिकच्या नळीनें बाहेरच्या मोरींत जातें. नळी घराबाहेर असली कीं कडाक्याच्या थंडींत गोठते, पाणी मागें तुंबतें आणि बॉयलर स्वतःस बंद करून घेतो. डिसेंबर २०१० मध्येंही ब्रिटनभर घरोघर हेंच घडलें होतें.

उपाय सोपा. नळीच्या वांकणांवर कोमट पाणी ओतावें किंवा गरम पाण्याची पिशवी धरावी. उकळतें पाणी ओतल्यास नळी तडकते. शिवाय खालीं सांडलेलें पाणी लगेच गोठतें. चिरंजीव त्यावरून एकदां आपटलेच. तीन किटल्या ओतल्यावर आंत खळखळ झाली. पुनरारंभाची कळ दाबतांच ज्योत पेटली. पेटली नसती तर मात्र पुनःपुन्हां दाबीत बसण्यांत अर्थ नसतो.

माडीवरील एक रेडिएटर तरीही वरच्या अंगाला थंड राहिला. वर थंड म्हणजे हवा कोंडलेली. खालीं थंड असता तर आंत लोखंडाच्या गंजाचा काळा गाळ बसला आहे असें समजावें, आणि तो धुणें कारागिराचें काम. आम्ही चावीनें कोपऱ्यांतील पेंच किंचित् ढिला केला. सूंऽ करून हवा गेली, पाण्याचे थेंब आले, पेंच आवळला. तेवढ्यानें दाब उतरला. तो भरणीच्या तोटीनें पुन्हां दीडवर आणला.

चिरंजीवांना याच भरांत पेटीचें झांकणही उघडावयाचें होतें! तें मीं करूं दिलें नाहीं. गॅसच्या भागाला हात लावण्यास तिकडे 'गॅस सेफ' नोंदवहींतील कारागीरच लागतो. २००९ पासून तसा नियम आहे.

तो तिसऱ्या दिवशीं आला. त्यानें रुंद नळी घालून तिला जाड वेष्टन केलें आणि जातांना विचारलें, कार्बन मोनॉक्साइडची घंटा कोठें आहे? ती स्वयंपाकघरांतील खणांत सांपडली, दुकानांतून आणलेल्या खोक्यासकट.