लेटेक्स गादीवरचा आकडा: कंबरदुखीच्या रुग्णाने तो कसा वाचावा?

कंबर दुखते म्हणून लेटेक्सची गादी बघायला गेलात की दुकानदार सांगतो, "वरचा थर 20 चा, खालचा 32 चा." जांब समर्थसारख्या गावातून जालन्याला जाऊन अशी गादी आणायची म्हणजे घरासाठी मोठा खर्च. तेव्हा या आकड्याचा अर्थ आधी समजून घ्या.

हा आकडा आयएलडी नावाच्या मोजणीचा असतो. सुमारे 8 इंच रुंदीची गोल चकती थरावर ठेवून दाबतात. थराची जाडी 25 टक्के दबायला जितके पाउंड जोर लागतो, तो त्याचा आयएलडी. 20 म्हणजे साधारण 9 किलोचा जोर, 32 म्हणजे साडेचौदा किलोचा. आकडा मोठा तितका थर कडक. साधारणपणे विशीच्या आतला थर मऊ, विशीतला मध्यम आणि तिशीच्या पुढचा कडक समजतात, पण कंपनीगणिक यात फरक पडतो. काही कंपन्या मोजणी न्यूटनमध्ये देतात, काही 1 ते 10 अशी स्वतःचीच पट्टी लावतात. या आकड्यांची एकमेकांशी तुलना करू नका. घनता ही आणखी वेगळी गोष्ट आहे. घनता जास्त म्हणजे गादी कडकच असेल असे नाही.

मुख्य म्हणजे हा आकडा एका थराचा आहे, अख्ख्या गादीचा नाही आणि तुमच्या कंबरेचा तर नाहीच. वरचा मऊ थर दोनच इंचांचा असेल तर जड माणसाला खालचा कडक थर लागतोच. 45 किलोच्या आजींना जी गादी कडक वाटते, तीच 90 किलोच्या मुलाला मऊ वाटते. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा थोडा आत जायला हवा, म्हणून त्याला वरचा थर जरा मऊ बरा. पोटावर झोपणाऱ्याला मऊ थरात कंबर खाली जाऊन त्रास होतो.

"पाठ दुखते ना, मग फळीवर झोप," हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या दिला जातो. स्पेनमध्ये जुन्या कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर याची तपासणी झाली आणि 2003 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. 90 दिवसांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचा त्रास जास्त कमी झाला होता. गंमत म्हणजे त्या अभ्यासातल्या पट्टीवर 1 म्हणजे सर्वांत कडक आणि 10 म्हणजे सर्वांत मऊ, म्हणजे आयएलडीच्या अगदी उलट!

दुकानात हाताने दाबून बघू नका. रोज झोपता तसे दहा-पंधरा मिनिटे पडून राहा. उताणे झोपल्यावर कंबरेखाली मोठी पोकळी राहत असेल तर गादी तुमच्यासाठी कडक आहे. कूस बदलताना जोर लावावा लागत असेल तर मऊ आहे. खोळीला चेन असेल आणि थर सुटे असतील तर नंतर वरखाली करता येतात. अशी गादी मिळाली तर तीच घ्या. आणि घरी ती नवारीच्या झोळ पडलेल्या बाजेवर टाकणार असाल, तर आयएलडी कितीही असो, गादीलाही झोळच पडेल. खाली सपाट पलंग किंवा फळी हवी. रबराची ॲलर्जी असेल तर खरेदीआधी डॉक्टरांना विचारा.

कापूस वेचून, दिवसभर वाकून दुखणारी कंबर नुसत्या गादीने बरी होत नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस तर कोणत्याही गादीवर साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद कमी होत असेल, लघवी अडत किंवा नकळत होत असेल, जांघेत बधिरपणा असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ताप येत असेल, वजन घटत असेल किंवा रात्री पडूनही दुखणे थांबत नसेल, तर गादीचे पैसे आधी तपासणीला ठेवा.