टकरीतून तारे

आपल्या शेतकऱ्याला हस्त नक्षत्र ठाऊक असते ते पावसासाठी. त्याच नक्षत्राच्या दिशेला, सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षांवर, दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत. विल्यम हर्षेल यांनी १७८५ साली ही जोडी प्रथम पाहिली.

अशा टकरीत तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत. त्यांच्यामधली अंतरे अफाट असतात. आदळतात ते वायूचे मेघ. चंद्राच्या ज्या ओढीने आपल्या समुद्राला भरती येते, त्याच जातीच्या ओढीने या दीर्घिकांतून दोन लांबलचक शेपट्या ताणल्या गेल्या. टूम्रे बंधूंनी १९७२ साली संगणकाच्या साहाय्याने हे दाखवून दिले. आतला वायू मात्र दाबला गेला आणि त्यातून ताऱ्यांचे उदंड पीक आले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या हबल दुर्बिणीच्या चित्रांत हजारांहून अधिक तरुण तारकागुच्छ आढळले.

संघर्षातून नवनिर्मिती होते, या श्रद्धेनेच आम्ही तरुणपणी चळवळीत उतरलो. आकाश त्या श्रद्धेला दुजोरा देते, पण एका अटीवर. ज्या दीर्घिकांपाशी थंड वायूचा साठा उरलेला नाही, त्यांच्या टकरीतून नवे तारे फारसे जन्मत नाहीत. ज्यांच्यापाशी तो असतो, त्यांचाही या आतषबाजीत भराभर खर्च होतो. कालांतराने वृद्ध, तांबूस ताऱ्यांची शांत दीर्घिका तेवढी उरते.

टकरीने ठिणगी पडते खरी. परंतु इंधन आधीच्या शांत काळात साठलेले असावे लागते. चळवळींचा वारसा सांगणाऱ्या आम्हां सर्वांनाच हा हिशेब एकदा मांडावा लागेल.