चोवीस नावांची यादी

हॉकीचा सामना साठ मिनिटांत संपतो. परंतु संघात कोणाला घ्यावे आणि कोणाला वगळावे, हा वाद वर्षभर मिटत नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मराठी घरांत तर या वादाला आणखी एक पदर असतो. २००५ साली प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली, तेव्हा एकीकडे हैदराबाद सुल्तान्स आणि दुसरीकडे धनराज पिल्ले यांचा मराठा वॉरियर्स, असे दोन्ही संघ आम्हांस आपलेच वाटत. राज्य एका बाजूस ओढी, भाषा दुसऱ्या बाजूस. पहिले विजेतेपद सुल्तान्सनी पटकावले; तेव्हा आनंद मानावा की हळहळावे, हेच आम्हांस कळेना.

संघ कसा बांधला जातो, हे समजल्यावाचून असा वाद निष्फळ ठरतो. म्हणून ताजा हिशेब पाहू. सात वर्षे बंद पडलेली हॉकी इंडिया लीग २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. तत्पूर्वी ऑक्टोबरात दिल्लीस खेळाडूंचा लिलाव झाला. पुरुषांच्या प्रत्येक संघास चार कोटी रुपयांची मर्यादा होती आणि तेवढ्यात चोवीस खेळाडू घ्यावयाचे होते. त्यांत सोळा भारतीय आणि आठ परदेशी; शिवाय भारतीयांपैकी चार तरी कनिष्ठ वयोगटातील असलेच पाहिजेत, असा नियम होता.

आता आमच्या शेजारचा हैदराबाद तूफान्स संघ घ्या. त्याने गोन्झालो पेइलाट या एका खेळाडूवर ६८ लाख रुपये खर्च केले, म्हणजे शंभरातील सतरा रुपये. उरलेले ३ कोटी ३२ लाख तेवीस जणांत वाटावयाचे. हा उधळेपणा झाला काय? पेइलाट हे पेनल्टी कॉर्नरचे निष्णात खेळाडू. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाकडून सुवर्णपदक आणि २०२३ मध्ये जर्मनीकडून विश्वचषक, असे दोन्ही मान त्यांनी मिळवलेले. बरोबरीच्या दोन संघांत मैदानी गोल सहजी होत नाही. तेव्हा सामन्याचा निकाल बहुधा पेनल्टी कॉर्नरवरच लागतो. म्हणून अशा एका हातास एवढे मोल. १ फेब्रुवारी २०२५ रोजी राउरकेला येथील अंतिम सामन्यात तूफान्स बंगाल टायगर्सकडून ४-३ असे हरले. बंगालच्या जुगराज सिंग यांनी तीन गोल केले. बलवान हात दोन्ही बाजूंस होते, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु कराराची दुसरी बाजू पैशाहून मोठी आहे. हा सारा हंगाम जेमतेम पाच आठवड्यांचा. बाकीच्या दिवसांत खेळाडूचे घर चालते ते रेल्वे, सेनादल, पोलीस, पेट्रोलियम कंपन्या यांच्या नोकरीवर. खडकीत जन्मलेले धनराज पिल्लेही महिंद्र आणि इंडियन एअरलाइन्स या संघांतूनच खेळले. आपल्या हॉकीचा खरा करार पुष्कळ काळ हाच होता: नोकरी द्या, खेळून दाखवू. लीग येते आणि जाते. प्रीमियर लीग २००८ नंतर थांबली, हॉकी इंडिया लीग २०१७ नंतर. त्या वेळी जो अठरा वर्षांचा होता, तो पुन्हा लिलावाची हाक आली तेव्हा पंचविशीचा झाला होता. ही वर्षे त्यास कोणत्या करारान्वये परत मिळणार?

येथे व्यवस्थापनाचा प्रश्न येतो. १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने बत्तीस वर्षांनंतर सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर लागलीच ते आणि आणखी सहा ज्येष्ठ खेळाडू संघाबाहेर गेले. कारण सांगितले गेले ते विश्रांतीचे. मानधन आणि सोयी यांविषयी उघड बोलल्याची ती शिक्षा होती, असाच अनेकांचा समज झाला. पुढे प्रशिक्षकांचीही तीच गत. टेरी वॉल्श २०१४ साली आशियाई सुवर्णपदक मिळवून देऊन गेले. त्यांच्या जागी आलेले पॉल व्हॅन अ‍ॅस काही महिनेच टिकले. उलट ग्रॅहम रीड यांना २०१९ पासून सलग काम करता आले आणि २०२१ मध्ये टोकियोत एक्केचाळीस वर्षांनंतर ऑलिंपिक पदक घरी आले. पेरणी करून रोज माती उकरून पाहणाऱ्याच्या शेतात पीक येत नाही, हे कापूस पिकवणाऱ्या आमच्या लोकांस वेगळे सांगावयास नको.

शेवटी स्वतःची एक चूक सांगतो. शाळेचा संघ निवडताना मी एका मुलास वगळले आणि कारण सांगितले नाही. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मैदानावर आलाच नाही. कारण अगदी साधे होते: त्याचा उलटा फटका कच्चा होता आणि महिनाभरात तो सुधारला असता. माझ्या मौनाने मात्र त्याने आपल्यापुरता निराळाच अर्थ लावला.

अकरांच्या खेळात बारावा वगळावाच लागतो. त्यावाचून संघ होत नाही. परंतु ज्यास वगळले, त्यास कारण कळले पाहिजे आणि परतीची वाट दिसली पाहिजे. चार कोटींचा संघ असो वा गावच्या शाळेचा, व्यवस्थापनाची पहिली कसोटी हीच.