प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे आंकडे : मुंबई, पुणें आणि मधला मावळ

मुंबईहून निघालेली आगगाडी कर्जत सोडून घाट चढूं लागते व बोगद्यामागून बोगदा ओलांडीत लोणावळ्यास पोंचते, तेव्हां प्रवाशांचें लक्ष बहुधा दरींतील धुक्याकडे, नाहीं तर फलाटावरील चिक्कीकडे असतें. या वाटेवर त्यांनीं आणखी एक हद्द ओलांडलेली असते, ती मात्र कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मुंबई शहरांत राहणाऱ्या ज्या कोणास कर्करोग झाला त्याची रीतसर नोंद ठेवणारें खातें १९६३ सालीं निघालें. आपल्या देशांतील त्या प्रकारचें तें पहिलेंच. पुणें शहर व पिंपरी-चिंचवड यांच्यासाठींहि पुढें तसेंच खातें सुरू झालें. या दोन वह्यांच्या मधोमध नाणे मावळ, आंदर मावळ आणि पवन मावळ अशीं तीन खोरीं पसरलेलीं आहेत, आणि त्यांचें पान जवळजवळ कोरें आहे. मावळांतील पुरुषांपैकीं लाखामागें किती जण प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगानें मरतात, हें त्यामुळें नेमकें सांगतां येत नाहीं. जें मोजलें जात नाहीं तें अस्तित्वांतच नाहीं, असें समजण्याकडे मनुष्याचा स्वाभाविक कल असतो. आणि ज्यांचे वडील वा चुलते गांवीं राहतात, अशा शहरांतील सुशिक्षित कुटुंबांतहि हा रोग साहेबांच्या देशांतला असा समज अद्याप आढळतो.

ही ग्रंथि फक्त पुरुषांच्या शरीरांत असते. मूत्राशयाच्या अगदीं खालीं, साधारण अक्रोडाएवढी, आणि मूत्रमार्ग तिच्या मधून गेलेला असतो. पन्नाशीनंतर बहुतेकांत ती फुगत जाते. मग लघवीस वरचेवर उठावें लागतें, धार बारीक होते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, व तिच्यापासून कर्करोग होतो असेंहि नाहीं. घोटाळा होतो तो येथेंच. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागांत सुरू होतो, मूत्रमार्गापासून दूर. म्हणून प्रथम कांहींच त्रास होत नाहीं. पुढें तो हाडांत जातो, विशेषतः कण्याच्या मणक्यांत व कमरेच्या हाडांत. पाठ दुखूं लागते. साठी उलटलेल्या, आयुष्यभर भातखाचरांत वाकलेल्या माणसाची पाठ दुखली तर घरांत कोणास नवल वाटत नाहीं. तेल चोळलें जातें, शेक दिला जातो, आणि महिने निघून जातात.

आतां आंकड्यांकडे वळूं. १९२० ते १९५० च्या सुमारास आपल्याकडे या रोगाची चर्चाच नव्हती, याचें एक कारण फार साधें आहे. १९४१ ते १९५१ या दशकांत आपल्या देशांतील सरासरी आयुर्मान सुमारें ३२ वर्षें होतें. लहान मुलांचे मृत्यु या सरासरींत मोठ्या प्रमाणावर धरलेले आहेत हें खरें. तरी सत्तरी गांठणारे पुरुष थोडे, आणि हा रोग तर मुख्यतः साठीनंतरचा. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरांत आहे. रोग वाढला असें आपण म्हणतों, त्यांतील पुष्कळसा भाग रोग होण्याच्या वयापर्यंत माणसें जगूं लागलीं एवढाच असतो. म्हणूनच दोन प्रांतांची तुलना करतांना वयाचा हिशेब आधीं बरोबर करून घ्यावा लागतो. लोणावळ्याच्या जुन्या बंगल्यांशीं ज्यांचें नातें आहे त्या पारशी समाजांत वृद्धांचें प्रमाण फार मोठें. तळेगांव-चाकणच्या कारखान्यांभोंवतीं पंचविशी-तिशींतल्या कामगारांची दाटी. दोहोंकडचे मृत्यु नुसते मोजून लाखांनीं भागले, तर पहिल्या ठिकाणीं रोगाचा कहर व दुसऱ्या ठिकाणीं रामराज्य दिसेल. दोन्ही खोटें. यावर तज्ज्ञांनीं काढलेला उपाय असा कीं, प्रत्येक वयोगटाचें प्रमाण वेगळें काढावयाचें आणि मग सर्व ठिकाणीं लोकसंख्येची वयरचना एकसारखीच आहे असें धरून त्यांची बेरीज करावयाची.

असा हिशेब करूनहि देशादेशांतील अंतर थोडेंथोडकें उरत नाहीं. २०२० सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणें लाख पुरुषांमागें या रोगानें होणारे मृत्यु जगांत सरासरीनें ७·७ होते. कॅरिबियन बेटांत ते २८ च्या आसपास, आणि आपल्या देशांत ३ च्या आसपास. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत या रोगाचें प्रमाण व मृत्युमान दोन्ही अधिक दिसतात; अमेरिकेंत काळ्या पुरुषांचें मृत्युमान गोऱ्यांच्या सुमारें दुप्पट आहे. यांत रक्ताचा वांटा किती व दवाखान्यापर्यंत पोंचण्याच्या अडचणींचा किती, यावर वाद आहे. वडील किंवा भाऊ यांस हा रोग झालेला असल्यास धोका सुमारें दुपटीनें वाढतो, हें मात्र निर्विवाद.

तीन हा आंकडा वाचून समाधान मानणाऱ्यानें त्याच तक्त्यांतील दुसरा रकाना पाहावा. २०२० सालीं जगांत या रोगाचे सुमारें १४ लाख १४ हजार नवे रुग्ण सांपडले व सुमारें ३ लाख ७५ हजार मृत्यु झाले. म्हणजे चार रुग्णांमागें एक मृत्यु. अमेरिकेसाठीं त्याच वर्षाचा अंदाज १ लाख ९२ हजार रुग्णांचा व ३३ हजार मृत्यूंचा होता; जवळजवळ सहांमागें एक. आपल्या देशांत सुमारें साडेचौतीस हजार रुग्ण आणि जवळजवळ सतरा हजार मृत्यु. दोहोंमागें एक! ज्या देशाचें मृत्युमान जगांत अगदीं कमी म्हणून गणलें जातें, त्याच देशांत रोग सांपडलेल्या माणसाची गति सर्वांत वाईट अशांपैकीं एक. अमेरिकेंत मंद, निरुपद्रवी गांठीहि शोधून काढल्या जातात व त्यामुळें तेथील हिशेब अधिक गोड दिसतो, ही सबब मान्य केली तरी एवढी मोठी तफावत तिनें पुसली जात नाहीं. आपल्याकडे रोग उशिरां सांपडतो, हाच तिचा सरळ अर्थ.

आणि सांपडलेला रोग तरी नोंदला कोठें जातो? येथें मावळची गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मुंबईचे डबेवाले पिढ्यान् पिढ्या मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर आणि अकोले या भागांतून आलेले. तीस-चाळीस वर्षें मुंबईंत डबे वाहून म्हातारपणीं गांवीं परतणें ही त्यांच्यांतली जुनी रीत. असा एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. नोंदणीचा नियम असा कीं, त्या शहरांत निदान एक वर्ष वास्तव्य असलेल्याचीच नोंद त्या शहराच्या खात्यांत करावयाची. नाहीं तर परळच्या टाटा रुग्णालयांत साऱ्या देशांतून येणारे रुग्ण मुंबईच्याच माथीं पडतील. नियम योग्यच आहे. पण या गृहस्थास गांवीं परतल्यावर दोन वर्षांनीं रोग सांपडला, तर तो मुंबईचा राहिला नाहीं आणि पुण्याचाहि नव्हे. त्याची आयुष्याची चाळीस वर्षें ज्या शहरांत गेलीं त्या शहराच्या वहींत त्याचें नांव नाहीं, आणि गांवाकडे वहीच नाहीं. उलट निदान मुंबईस झालें व शेवटचे दिवस घरच्या ओटीवर काढावे म्हणून तो कामशेतजवळच्या आपल्या वाडींत आला, तर रुग्ण मुंबईच्या खात्यांत जमा होतो आणि मृत्यु गांवाच्या दप्तरांत. मुंबईचें मृत्युमान तेवढ्यापुरतें घटतें. घाट उतरून गेलेलीं माणसें मरावयास घाट चढून येतात, म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही आंकडे थोडे थोडे चुकतात.

गांवाच्या दप्तरांत तरी काय लिहिलें जातें? १९६९ च्या कायद्यानें प्रत्येक मृत्यु एकवीस दिवसांच्या आंत नोंदविणें आवश्यक केलें आहे, आणि खेड्यांत ही नोंद ग्रामपंचायतींत होते. मृत्यु झाला ही गोष्ट आतां बहुधा सुटत नाहीं. सुटतें तें कारण. रुग्णालयांत मरण आलें तर डॉक्टर दाखला लिहितो. त्या दाखल्यावर कारणांच्या ओळी एकाखालीं एक असतात : वरच्या ओळींत प्रत्यक्ष मृत्यु कशानें आला तें, आणि त्याच्याखालीं त्यामागचें कारण, त्याहीमागचें कारण. शिरगणतींत धरलें जातें तें तळचें, मूळ कारण. घाईनें एकाच ओळींत ‘हृदयक्रिया बंद पडली’ असें लिहून कागद पुढें सरकविला, तर कर्करोग तेथेंच नाहींसा होतो. कारण हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय आजवर कोणी मेलेलें नाहीं. घरीं आलेल्या मरणाचें कारण घरचेच सांगतात : म्हातारपण, ताप, दम. २०२० सालीं साऱ्या देशांत नोंदलेल्या शंभर मृत्यूंपैकीं सुमारें बावीस-तेवीसांचेंच कारण वैद्यकीय दाखल्यानें ठरलेलें होतें. उरलेल्यांत प्रोस्टेटचे किती, तें कोण सांगणार?

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं, खेड्यांतला आंकडा कमी दिसतो तो सारा दप्तराचाच दोष. तसेंहि नाहीं, आणि याला बार्शीचा पुरावा आहे. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी येथें १९८७ सालीं देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. तेथील कार्यकर्ते रुग्ण दारीं येण्याची वाट पाहात बसत नाहींत. गांवोगांव जाऊन लोकांस लक्षणें समजावून सांगतात, संशयित रुग्ण हुडकतात. एवढी खटपट करूनहि बार्शीकडील प्रोस्टेटच्या कर्करोगाचें प्रमाण मुंबई-पुण्याच्या बरेंच खालीं राहिलें आहे. उलट २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यांत पुरुषांच्या कर्करोगांत प्रोस्टेटचा क्रमांक दिल्ली, कलकत्ता, पुणें व त्रिवेंद्रम येथें दुसरा, आणि मुंबई व बंगलोर येथें तिसरा लागलेला होता. तेव्हां शहर व खेडें यांत खरेंच अंतर आहे असें मानावें लागतें. आहार, स्थूलता, बैठें जीवन यांकडे बोट दाखविलें जातें. जपानांतून हवाई बेटांत जाऊन राहिलेल्या जपान्यांत हा रोग मायदेशापेक्षां वाढलेला आढळला, यावरून राहणीचा संबंध असावा असें दिसतें. पण अमुक एक पदार्थ सोडला म्हणजे रोग टळतो, असें शास्त्र आज सांगत नाहीं. शिवाय शहरांत लघवीच्या तक्रारीसाठीं ग्रंथि कापून काढली कीं तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीं जातो, रक्ततपासणी सहज होते, आणि झोंपलेले रोगहि जागे केले जातात.

या रक्ततपासणीनेंच पाश्चात्य देशांतील आंकड्यांचा चेहरा बदलला. पी. एस. ए. या नांवानें ती ओळखली जाते. अमेरिकेंत १९८६ सालीं उपचारानंतरच्या देखरेखीसाठीं व १९९४ सालीं निदानासाठीं तिला मान्यता मिळाली. मान्यतेच्या आधींच तिचा प्रसार इतका झाला होता कीं, १९९२ च्या सुमारास तेथील नव्या रुग्णांची संख्या शिखरास पोंचली. मृत्युमान त्यानंतर उतरूं लागलें व वीसपंचवीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलें. श्रेय तपासणीचें किती व सुधारलेल्या उपचारांचें किती, हें भांडण अजून मिटलेलें नाहीं. यूरोपांत झालेल्या मोठ्या प्रयोगांत, तेरा वर्षांच्या अखेरीस, तपासणीस बोलाविलेल्यांत मृत्यु एक पंचमांशानें कमी आढळले. पण एक मृत्यु टाळण्यासाठीं ७८१ पुरुषांना बोलवावें लागलें आणि २७ जादा रोग्यांचें निदान करावें लागलें. त्यांतील कित्येकांना त्या गांठीनें कधींच मारलें नसतें. उपचारानें मात्र कोणास लघवीवरचा ताबा गमवावा लागला, कोणास पुरुषत्व. म्हणून २०१२ सालीं अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें सरसकट तपासणी नको असा सल्ला दिला. पुढें पसरलेल्या अवस्थेंतले रोगी वाढूं लागले, आणि २०१८ सालीं तो बदलून, ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषानें डॉक्टरांशीं बोलून स्वतःच ठरवावें, असें सांगण्यांत आलें.

मावळापुढें आज ही अडचण नाहीं. येथला प्रश्न त्याच्या आधींचा आहे. निरोगी माणसांना चाळून काढण्याचा वाद बाजूला ठेवला तरी, साठीच्या माणसाची पाठ आठवड्यांमागून आठवडे रात्रीं दुखत असेल, लघवींतून रक्त गेलें असेल किंवा पायांतली शक्ति कमी झाली असेल, तर त्याला दाखविण्यांत कसलाच वाद नाहीं. रोग हाडांत गेला म्हणजे सारें संपलें, असेंहि नाहीं. १९४१ सालीं, म्हणजे परळचें टाटा रुग्णालय ज्या वर्षी उघडलें त्याच वर्षी, शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनीं पुरुषी अंतःस्राव थांबविला असतां हा पसरलेला कर्करोगहि आटतो असें दाखविलें. त्याबद्दल त्यांना १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजचे उपचार त्याच पायावर उभे आहेत, आणि त्यांनीं वेदना थांबून वर्षें पदरांत पडतात.

तळेगांवास आतां वैद्यकीय महाविद्यालय आहे, द्रुतगति मार्गानें पुणें तासाभरावर आलें आहे. तपासण्या वाढतील तसतसे या खोऱ्यांतून रुग्ण अधिक सांपडूं लागतील. तेव्हां मावळांत कर्करोगाची सांथ आली अशी ओरड होण्याचा संभव आहे. त्या वेळीं पाहावयाचें तें रुग्ण किती वाढले हें नव्हे, तर दोहोंमागें एक हें प्रमाण तिहींमागें एक, चोहोंमागें एक असें उतरत आहे कीं नाहीं हें. त्यासाठीं मृत्यूची बाजूहि खरी लिहिली गेली पाहिजे. ग्रामपंचायतीच्या मृत्यु-अहवालांत रोगाच्या नांवाची जागा असते. मुंबईहून आणलेलीं रुग्णालयाचीं कागदपत्रें पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशीं तशींच पडून असतात, आणि मुलगा त्या जागेपुढें ‘वृद्धापकाळ’ एवढेंच सांगून येतो.