वाळू कुठे असते? देवळावर!

मैसूरजवळच्या तलकाडात कावेरीकाठच्या वाळूनं अख्खी देवळं गिळली. पंचलिंग दर्शनाच्या सोहळ्याआधी वाळू उपसून देव बाहेर काढावे लागत. आता समजा, तिथल्या पोराला बुद्धिमापन चाचणीत विचारलं, 'वाळू कुठे असते?' ते म्हणणार, 'देवळावर.' तपासणाऱ्याच्या कागदावर 'समुद्रावर' लिहिलेलं असेल, तर गेला ना बिचाऱ्याचा गुण!

अशा घोळावर आपल्याकडे उतारा शोधला व्ही. व्ही. कामत यांनी. अमेरिकेतली १९१६ची स्टॅनफर्ड-बिने चाचणी त्यांनी १९३०च्या दशकात एकदम दोन भाषांत बसवली, मराठी आणि कानडी. नाव पडलं 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती'. सीमावाद नंतर पेटला, पण ही चाचणी दोन्हीकडे सुखानं नांदली. 'बिने-कामत' म्हणून ती आजही वापरात आहे. फक्त निकष जुने असले की गुण फुगतात, एवढं ध्यानात ठेवा.

मूळ चाचणी पॅरिसच्या आल्फ्रेड बिनेची, १९०५ची. हुशार मुलं हुडकायला नव्हे, वर्गात मागे पडणाऱ्यांना वेगळी मदत देता यावी म्हणून केलेली. बुद्धी एकदा ठरली ती ठरली, हे बिनेला अजिबात मान्य नव्हतं. 'आमच्या बंड्याचा आयक्यू एकशेतीस' असं लग्नात सांगत फिरणाऱ्या आईबाबांनी हे जरूर वाचावं.

नागपूरकरांनी कॉलर ताठ करावी. भारतभर चालणारी मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमापन चाचणी नागपूरचीच, १९६९ची. तिच्यात लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवायची असते. घड्याळ चालू असतंच, पण मुरलेला मानसशास्त्रज्ञ मुलाचे हातही बघतो. एक जण आधी कोपरा लावतो, दुसरा ठोकळे नुसतेच फिरवत बसतो, तिसरा पहिल्या चुकीलाच हात आखडतो. मग येतात आकडे: 'सात, दोन, नऊ. आता उलटे म्हण.' सुलटे घडाघडा म्हणणारा इथे अडला, तर तोंडी हिशेबात त्याची तारांबळ का उडते, याचा धागा हाती लागतो. गुणांची बेरीज सारखी आलेली दोन मुलंही अगदी वेगळ्या जागी अडलेली असू शकतात. म्हणून अहवालातला मोठा आकडा सर्वांत कमी कामाचा, असं माझं स्पष्ट मत.

माणूस काढायला सांगणारीही चाचणी आहे. बडोद्याच्या प्रमिला फाटक यांनी ती भारतीय मुलांसाठी प्रमाणित केली. गुण सौंदर्याला नाहीत. मान आहे का, बोटं किती, असले तपशील मोजतात. भावी हुसेनला जादा गुण नाहीत!

मैसूरचं तर मानसशास्त्राशी जुनं सख्य. तिथले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५मध्ये घरातून रेडिओ केंद्रही चालवलं, त्याचं नाव 'आकाशवाणी'. आज तलकाडच्या मुलाची वाचा किंवा ऐकणं तपासायचं, तर अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था मैसूरच्याच मानसगंगोत्री परिसरात आहे. कान-डोळे आधी तपासायचे, हा शिरस्ताच. फळा दिसत नसेल तर बुद्धी काय मोजणार?

'आमचा मुलगा दृश्य पद्धतीनं शिकतो, मुलगी श्राव्य' हे पालकसभेतलं लाडकं वाक्य. तसं शिकवल्यानं जास्त शिकणं होतं, याला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २००८च्या गाजलेल्या आढाव्यात निघाला.

शिकण्यातली खरी अडचण मात्र वेगळी. महाराष्ट्रानं १९९६पासूनच वाचन-लेखनात अडणाऱ्या अध्ययन-अक्षम मुलांना परीक्षेत सवलती दिल्या: जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांना माफी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन-अक्षमता देशभरासाठी आली. ऱ्हस्व-दीर्घाची माफी संपादकांनाही मिळावी, ही आमची जुनी मागणी आहे, असो.

तेव्हा चाचणीला जाताना तीनच प्रश्न विचारा: मूल घरात बोलतं त्या भाषेत होणार का, निकष कोणत्या वर्षीचे, आणि उद्यापासून वर्गात काय बदलायचं? अहवाल मिळाला की तो फाइलीत घालू नका, वर्गशिक्षकांना वाचायला द्या.