पिन मुलाचा, खरेदी आजोबांची

औषधांच्या दुकानात उभे राहून आजोबा क्यूआर कोडचा फोटो मुलाला धाडतात. मुलगा मीटिंगमध्ये. रांग खोळंबते.

यावर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०२४ मध्ये ‘यूपीआय सर्कल’ आणले. बँक खाते एकाचेच, पण तो मुख्य वापरकर्ता आणखी पाच जणांना आपल्या वर्तुळात घेऊ शकतो. दुय्यम वापरकर्ता मात्र एका वेळी एकाच वर्तुळात असतो.

अधिकार दोन तऱ्हांनी देता येतात. पूर्ण अधिकार दिला, तर महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका व्यवहारात ५,००० रुपयांपर्यंत आजोबांना कुणाला विचारावे लागत नाही. मर्यादा याहून कमीही ठेवता येते. अंशतः अधिकारात दर वेळी विनंती मुलाच्या फोनवर जाते आणि त्याने पिन टाकल्यावरच पैसे सुटतात. (म्हणजे मीटिंगचा घोळ इथे कायमच!) दोन्हींत आजोबांना पिन सांगावा लागत नाही, हे खरे महत्त्वाचे.

कल्पना जुनी आहे. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर यांनी १९७५ मध्येच संगणकांसाठी मांडले होते. घरच्या विंडोजवर मुलांना ‘स्टँडर्ड’ खाते दिले, की अभ्यास, खेळ सगळे चालते. संगणकाच्या मुख्य सेटिंग्ज बदलायच्या म्हटल्या, की आईचा पासवर्ड लागतो.